गुळाच्या जिभेनं चाखलेले आठ चहा

आधी माझ्या जिभेची ओळख करून देतो, कारण पुढचा सगळा निवाडा तिचा आहे. ३४ वर्षं मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात होतो. हंगामात सौदे निघाले की रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, रांगेतून फिरायचं, कडेचा टवका काढायचा, बोटांनी चुरडून कणी बघायची आणि मग जिभेवर ठेवायचा. खारपड रानातल्या उसाचा गूळ पहिल्यांदा गोडच लागतो. खारटपणा मागनं येतो, गोडी ओसरल्यावर. पहिल्या गोडीवर भाव बोलणारा बुडाला, हे आमच्याकडं नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं.

एवढंच शिक्षण घेऊन मी घरी बसलो आणि पाडव्याच्या सुमाराला लेकीनं पुण्याहून चहाची पेटी धाडली. आठ पुड्या, प्रत्येकी २० ग्रॅम, सगळा सुट्या पानांचा माल. किंमत १,२०० रुपये, ती तिनं खोडली होती पण उजेडात धरल्यावर दिसली. सोबत चिठ्ठी: "आण्णा, ह्यात दूध नाही, साखर नाही आणि गूळ तर अजिबात नाही. प्रत्येकाबद्दल नीट लिहून कळवा."

आमच्या मंडळींनी पहिली पुडी उघडून आत बघितलं. "ह्यात पूड कुठाय? नुसता पालापाचोळा हाय." त्यांचं बरोबरच आहे. आमच्या घरात चहा म्हणजे लक्ष्मीपुरीतनं किलोनं आणलेली ममरी. बारीक, काळी, गोल दाण्याची. ह्याला सीटीसी म्हणतात. पान यंत्राच्या दातेरी रुळांतनं चिरडून, फाडून, गुंडाळून काढायचं. हे यंत्र आसामात १९३०च्या सुमाराला आलं. त्याचा चहा झटक्यात उतरतो, रंग गडद देतो आणि दुधापुढं दबत नाही. पेटीतला माल दुसऱ्या जातीचा होता, ऑर्थोडॉक्स. पान सुकवायचं, वळायचं, हवेवर ठेवून तांबूस होऊ द्यायचं, मग भट्टीत वाळवायचं. पान पुष्कळसं अख्खं राहतं आणि सावकाश बोलतं.

गुजरीतल्या एका सराफ मित्राचा जुना काटा मागून आणला. माळ्यावरचे पांढरे चिनी मातीचे कप खाली काढले, कारण स्टीलच्या पेल्यात चहाचा रंग बघणं म्हणजे अंधारात गूळ घेणं. चहा चाखण्याची एक आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकण घालून ६ मिनिटं. ही रीत दोष बाहेर काढायची आहे, पिऊन आनंद घ्यायची नाही. म्हणून प्रत्येक चहा एकदा असा कडक करून चाखला, आणि एकदा ३ मिनिटांत गाळून माणसासारखा प्यालो. फक्त मोगऱ्याच्या चहाला पिताना उकळतं पाणी घातलं नाही. ते दुसऱ्या भांड्यात ओतून थोडं निवू दिलं, नाहीतर हिरवं पान कडू होतं.

आणखी एक गोष्ट कळली ती सांगायलाच पाहिजे. धंदेवाईक चाखणारे चमच्यातला चहा मोठ्यानं भुरकतात. हवेबरोबर तो जिभेवर सगळीकडं पसरतो आणि वास घशातनं वर नाकात चढतो. आमची लेक लहानपणापासून मला बशीतल्या भुरक्यावरनं टोकत आलीय, पाहुण्यांसमोर तर डोळे वटारायची. तिला फोन करून ही माहिती कळवली. पलीकडं जरा वेळ शांतता होती.

सुरुवात आसामनं केली. पानांत सोनेरी टोकं दिसत होती. पाणी पडलं तसा रंग पातळ काकवीसारखा तांबडा उतरला. ह्या चहाच्या चवीला इंग्रजी कागदात 'माल्टी' लिहिलं होतं. म्हणजे काय, हे मला पहिल्या घोटाला कळलं. मोड आणलेली नाचणी भाजताना घरभर जो वास सुटतो, तोच. खाली थोडा करकरीत तुरटपणा. मला आवडला. मी वहीत 'उत्तम' लिहिलं आणि तेवढ्यात फोन वाजला. यार्डातला जुना सहकारी होता, तासभर गेला. परत आलो तर कपातला चहा गढूळ! तांबड्या पाण्यावर जणू कुणी चमचाभर दूध टाकलंय. मंडळींवर आळ घेतला, त्यांनी तो तिथल्या तिथं परत केला.

दूध कुणी घातलं नव्हतं. जोरदार चहा निवला की त्यातले तुरट घटक आणि कॅफिन एकमेकांना धरतात आणि पाणी दुधाळ दिसायला लागतं. चहाच्या व्यापारात ह्याला साय धरणं अशा अर्थाचाच शब्द आहे, आणि तो चांगल्या मालाची खूण समजतात. पुन्हा उकळत्या पाण्यात कप धरला तर ती साय विरघळून गेली. मी तो थंड चहा चाखला. नाचणी होती तिथंच होती, तुरटपणाही जागेवर.

मग मात्र माझ्या डोक्यात यार्ड जागं झालं. गरम चहात वाफ असते, वाफेत वास असतो, आणि वासाला नाक भुलतं. थंड झाला की वास उडून जातो, मागं उरतं ते पान. म्हणजे गोडी ओसरल्यावरचा खारटपणा. तिथनं पुढं प्रत्येक चहा तीनदा चाखला: गरम, कोमट आणि पार थंड. पेटीतल्या कागदावर असं काही लिहिलेलं नाही, पण सुगंधी चहा घेणाऱ्यानं हे करूनच पाहावं.

दार्जिलिंगच्या दोन पुड्या होत्या. पहिली फर्स्ट फ्लश, म्हणजे हिवाळ्यानंतर मार्च-एप्रिलातली पहिली खुडणी. हा चहा काळा म्हणून विकतात पण पानं हिरवट असतात, रंगही फिका सोनेरी. ओल्या हरभऱ्याचा डहाळा आणि कुठलंतरी फूल, अशी चव असायला पाहिजे. माझ्या कपात डहाळा वाळून कडबा झाला होता. पुडी उलटीपालटी करून बघितली. बागेचं नाव आहे, डोंगराची उंची आहे, 'हाताने खुडलेला' आहे. खुडल्याचं साल नाही. सेकंड फ्लश मे-जूनमध्ये खुडतात, त्यामुळं चैत्रात हातात आलेला तो चहा गेल्या सालचाच असणार, ते समजतं. पण पहिल्या खुडणीची सगळी किंमत तिच्या ताजेपणाची. ती यंदाची का मागची, हे लपवणं म्हणजे गेल्या हंगामातला गूळ नव्या सौद्यात लावणं. पेटीवाल्या कंपनीला तसं कळवलं. उत्तर आलं, त्यात आभार होते, साल नव्हतं.

दार्जिलिंगला नावाच्या चोरीचं दुखणं तर आहेच. देशात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी ह्याच चहाला मिळालं, २००४ साली, तरी शेजारच्या नेपाळचा माल त्याच्या नावानं खपतो ही तिथल्या बागवाल्यांची जुनी तक्रार आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं आणि आमचंही रडगाणं तेच आहे, कुठलाही रवा 'कोल्हापुरी' होऊन परगावी पोचतो. त्यामुळं ह्या लोकांविषयी मला आतून कळवळा आहे.

पण दुसरी पुडी, सेकंड फ्लश! ह्या एका पुडीसाठी मी पेटीचे पैसे माफ करायला तयार आहे. रंग जुन्या पितळेचा. कप नाकाजवळ नेला आणि पिकून सुरकुतायला लागलेल्या काळ्या द्राक्षांचा वास आला, घड दोन दिवस टोपलीत राहिल्यावर येतो तसा. ह्याला मस्कटेल म्हणतात. ते येतं कसं हे वाचून मी खुर्चीतनं उठलो. कापूस, भेंडी केलेल्या माणसाला तुडतुडे सांगायला नकोत. हिरवे, तिरके चालणारे, पानाच्या खालच्या अंगाला बसून रस शोषणारे. तसेच तुडतुडे उन्हाळ्यात दार्जिलिंगच्या कोवळ्या पानांवर बसतात. झाड स्वतःला वाचवायला पानात काही वासाची द्रव्यं तयार करतं, आणि पुढं वाळवणीत त्याचंच हे द्राक्ष होतं. आम्ही ज्या किड्यावर फवारा मारतो, त्याच्या चाव्याचे हे लोक पैसे घेतात.

कोमट झाल्यावर वास थोडा खाली बसला आणि एक मधासारखी गोडी वर आली. थंड झाल्यावरही चव पातळ पडली नाही. तीच पानं दुसऱ्यांदा भिजवली, द्राक्ष गेलं पण मध राहिला. तिसऱ्यांदा भिजवली तेव्हा मंडळी म्हणाल्या, "आता त्यास्नी सोडा की!" चाखायला दिला तर त्यांचं मत असं पडलं: "वाईट न्हाई, पण मी काय ह्यावर दिवस काढणार न्हाई." आमच्या भागात बायकाही बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यामुळं पुढं त्या "मी आपला गुळाचा घेतो" म्हणाल्या तर वाचणाऱ्यानं दचकू नये.

हट्टानं एकदा ह्या सेकंड फ्लशमध्ये दूधही घालून पाहिलं. तेही गंगावेशच्या कट्ट्यावरचं, म्हशीचं, धारोष्ण आणून तापवलेलं. चहा मेला. दुधातली प्रथिनं चहाच्या तुरटपणाला धरून बसतात. आसामला ते मानवतं, कारण त्याच्याकडं तुरटपणाची शिल्लक असते. दार्जिलिंगकडं नाजूकपणाखेरीज होतं काय, तेही गेलं. लेकीला हे कळवलेलं नाही.

निलगिरीची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. ही पुडी कागदी, तिची पट्टी नीट लागत नव्हती. दोन दिवस ती स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली, आणि शेजारी होती कांदा-लसूण मसाल्याची बरणी. आमचा मसाला घरी केलेला, ताजा कुटून आणलेला. चहाचं पान वास ओढून घेतं हे मला माहीत होतं, एवढं ओढतं हे माहीत नव्हतं. पहिल्या भुरक्याला लसूण, मागनं मिरची. मंडळींनी कप हुंगून विचारलं, "मसाला चहा, मसाला चहा म्हणत्यात, त्यो ह्योच काय?"

नशिबानं वर्षभरापूर्वी उटीहून पुतण्यानं आणलेला निलगिरीचा डबा बंद पडून होता. निवाडा त्याच्यावर दिला. निलगिरीत चहा जवळपास बारमाही खुडतात, आणि त्याचा गुण म्हणजे तो कुणाच्या अंगावर येत नाही. स्वच्छ लाल-नारिंगी रंग, हलकी फुलासारखी चव, तुरटपणा बेताचा. थंड करून ठेवला तर आसामसारखी साय धरली नाही, काचेसारखा नितळ राहिला. बर्फाचा चहा करायला निलगिरी का घेतात ते तेव्हा उमगलं. वर्षभर जुना असूनही थंड परीक्षेत हा पास झाला, मग ताजा कसा असेल?

आता सुगंधी माल. इथं माझा हात जरा कडक आहे.

अर्ल ग्रे म्हणजे काळ्या चहाला बर्गमॉटचं तेल. बर्गमॉट हे लिंबा-संत्र्याच्या कुळातलं फळ, मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रियात होतं, आणि तेल त्याच्या सालीतनं काढतात. गरम असताना वास झकास, ईडलिंबाची साल नखानं खरवडल्यासारखा. कोमट झाल्यावर तोच वास भांडी घासायच्या वडीकडं झुकायला लागला. थंड झाल्यावर खाली जे पान उरलं ते पुठ्ठ्याच्या चवीचं होतं. बर्गमॉटचा ह्यात दोष नाही. बरं पान घेऊन हातचं राखून तेल लावलं तर हा चहा चांगला होत असणार. इथं तेल पानाची अब्रू झाकायला वापरलंय. गुळाचा रंग पिवळा धमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर मारतात, त्यातलाच प्रकार.

आंब्याच्या चहावर फार शाई घालवत नाही. घरात त्याच वेळी हापूसची आढी घातली होती. एका खोलीत खरा आंबा, दुसऱ्या खोलीत कपातला. कपातला आंबा शाळेसमोरच्या गोळीचा होता. थंड झाल्यावर घोट गिळवला नाही, मोरीत गेला.

कॅमोमाइल तर चहाच नाही, शेवंतीच्या कुळातली बारकी फुलं. गवती चहाही चहा नाही म्हणा, पण त्याचं गवत परसात फुकट उगवतं आणि सर्दीला उतारा पडतो. हिचं पाणी कोमट सफरचंदासारखं लागलं. झोप चांगली लागते म्हणतात. मला यार्ड सुटल्यापासून झोपेची अडचण नाही.

मोगऱ्याचा चहा मात्र मला थांबवून गेला. पुडीवर 'जस्मिन' लिहिलेलं. चहाला लावतात ते जस्मिन बहुतेक करून आपला मोगराच. चीनच्या फुजियान प्रांतात फूचौ हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. दिवसा मिटलेल्या कळ्या खुडायच्या, रात्री त्या उमलायला लागल्या की हिरव्या चहात मिसळायच्या. पान रातभर वास पितं. सकाळी फुलं वेगळी काढून चहा पुन्हा सुकवायचा, आणि हे नव्या कळ्या घेऊन परत परत करायचं. फूल कामाला येऊन निघून जातं, म्हणून पुडीत वाळलेल्या पाकळ्यांचा ढीग दिसला की भुलू नये, तो सजावटीचा असतो. माझ्या पुडीत पाकळी शोधून सापडली नाही. गरम कपात देवळाच्या गाभाऱ्याबाहेरचा वास, कोमटपणी तसाच, आणि थंड झाल्यावरही घशात मोगरा राहिला. वरनं मारलेला वास असा राहत नाही. वास पानात शिरलेला होता.

मग मला राहवेना. लक्ष्मीपुरीतनं साधा हिरवा चहा आणला १०० ग्रॅम, महाद्वारातनं संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या, गजरा नको नुसत्या कळ्या द्या म्हटल्यावर फुलवालीनं दोनदा विचारून खात्री केली. डब्यात चहाचा थर, कळ्यांचा थर, पुन्हा चहा. सकाळी झाकण काढलं तर सगळी खोली भरली. मी खूश होऊन फुलं वेचली आणि डबा तसाच बंद केला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास! कळ्यांचा ओलावा पानात उतरलेला. सुकवायची पायरीच मी खाल्ली होती. दुसऱ्या खेपेला फुलं काढल्यावर चहा मंद तव्यावर हातानं हलवत कोमट केला, फडक्यावर पसरला, मग भरला. फूचौची सर नाही आली. पण मोरीत टाकण्यासारखाही नाही, रोज दुपारी एक कप होतो.

पैशाचं गणित मांडतो, त्याशिवाय अडतीवरच्या माणसाला चैन पडत नाही. पेटीत १६० ग्रॅम चहा १,२०० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला साडेसात. मोठ्या कपाला ३ ग्रॅम धरले तर कप साडेबावीस रुपयांना पडला. सेकंड फ्लश तीनदा भिजतो, तेव्हा तो साडेसातवर येतो, टपरीच्या दहाच्या चहापेक्षा स्वस्त. आंब्याचा चहा एकदाही भिजवण्याच्या लायकीचा नाही, त्याचे साडेबावीस हे साडेबावीसच. आमची ममरी ४८० रुपये किलो, कपाला अडीच ग्रॅम, सव्वा रुपयाच्या आत. त्यात गवती चहाची पात, आलं, दूध, आणि शेवटी भांडं उतरवल्यावर गूळ. गूळ जरा आंबट असतो, उकळत्या दुधात पडला तर दूध फाटतं, म्हणून खाली उतरवूनच घालायचा. आणि पिवळाधमक गूळ घेऊ नका, जरा काळपट घ्या. एवढं ३४ वर्षांच्या पगारातनं सांगतोय.

त्या गुळाच्या चहालाही मी थंड परीक्षा लावली. कप मुद्दाम बाजूला ठेवला. मंडळी आल्या, "आवो, काय करायलाय? निवला की त्यो." मी म्हटलं, चाखायचाय. थंड झाल्यावर साय आली, खऱ्या दुधाची. खाली आलं तिखट, आणि गुळाची गोडी जिभेवर मागनं आली, मागनं गेली नाही. पास.

लेकीला कळवलं: पुढच्या खेपेला पेटी नको. सेकंड फ्लश १०० ग्रॅम, खुडल्याचं साल लिहिलेला, मोगरा ५० ग्रॅम, आणि निलगिरी पत्र्याच्या घट्ट डब्यात. काचेसारख्या खिडकीच्या पुड्या दिसायला छान, पण उजेड आणि हवा चहाचे वैरी. पेटीला माझ्याकडनं पाचातले तीन. सेकंड फ्लश नसता तर दीड.

उरलेली आंब्याची पुडी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराला देऊन टाकली, टाकवेना म्हणून. त्यानं ती गार पाण्यात रातभर भिजवली, साखर, लिंबू आणि बर्फ घालून सगळ्या मित्रांना पाजली. दुसऱ्या दिवशी कुंपणावरनं ओरडला, "काका, नाद खुळा! अजून हाय का?"